एकच बातमी धरून ठेव

लासलगाव,
12 ऑक्टोबर 2025

प्रिय सुन्या,

तुझं पत्र मिळालं. नववीच्या वर्गात रोज पहिली दहा मिनिटं पेपर वाचायचा आणि त्यातून अर्थशास्त्र शिकवायचं, हा तुझा बेत वाचला. तुझा उत्साह मोडायचा नाही, पण असं करू नकोस. आज रेपो दर, उद्या सोनं, परवा डॉलर. पोरांच्या हाताला काही लागत नाही, आणि महिन्याभरात तुझाही दम जातो. त्यापेक्षा एकच बातमी धर आणि तिचा पिच्छा सोडू नकोस.

मी कांदा धरला. इथे राहून दुसरं काय धरणार म्हणा! 19 ऑगस्ट 2023 ला केंद्राने 40 टक्के निर्यात शुल्क लावलं आणि जिल्ह्यातले लिलाव बंद पडले. ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलर किमान निर्यात मूल्य आलं, म्हणजे त्याहून स्वस्तात परदेशी विकायचा नाही, आणि 8 डिसेंबरपासून निर्यातीवर थेट बंदी. वर्गाच्या भिंतीवर एक लांबलचक तक्ता लावला: तारीख, सरकारचा निर्णय, लिलावातला भाव, आणि शेवटच्या रकान्यात 'पुढे काय होईल' हा पोरांचा अंदाज. हा शेवटचा रकानाच सगळ्यात कामाचा. अंदाज पेनाने लिहायचा, नंतर खोडायचा नाही.

बंदी आली त्या आठवड्यात मी एवढंच विचारलं, की हीच बंदी मे महिन्यात आली असती तर? मागच्या बाकावरून, एरवी कधी तोंड न उघडणारा एक जण म्हणाला, "सर, उन्हाळ कांदा साठवणीच्या चाळीत टाकून थांबता येतं. लाल कांदा कुठं थांबतो? त्याला कोंब फुटतात." झालं की! डिसेंबरात बाजारात असतो लाल कांदा, म्हणजे ज्याला थांबताच येत नाही तोच शेतकरी सापडला. भाव हलला की विकणाऱ्याला माल कितपत कमी-जास्त करता येतो, ती 'पुरवठ्याची लवचिकता'; हे शब्द मी त्यानंतर फळ्यावर लिहिले.

एका मुलीचा हात बराच वेळ वर होता. तिची आई व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडायला जाते. परदेशी जाणारा माल थांबला तशी निवडाई थांबली, रोजंदारी बुडाली. तिचा प्रश्न होता, "आम्ही उत्पादक का ग्राहक?" फळ्यावर मी दोनच रकाने आखले होते. तिसरा आखला, मग हमालांसाठी चौथा, कंटेनरवाल्या ड्रायव्हरसाठी पाचवा. तास संपेपर्यंत फळा भरला. दुसऱ्या बाजूने एक पोरगा उठला. त्याची आत्या कल्याणला. सरकारी गाडीवर तिला 25 रुपये किलोने कांदा मिळाला, त्यात वाईट काय? एवढा गोंधळ झाला की शेजारच्या वर्गातल्या बाई डोकावून गेल्या. कोण बरोबर हे मी सांगितलं नाही. तूही सांगू नकोस. आपण मत दिलं की पोरं तेच मत उत्तरपत्रिकेत परत देतात.

राजकारण वर्गात येणारच, त्याला भिऊ नकोस. एप्रिल 2024 मध्ये बंदी चालू असतानाच गुजरातच्या 2,000 टन पांढऱ्या कांद्याला निर्यातीची परवानगी मिळाली तेव्हा पोरं घरून पेटूनच आली होती. मी म्हटलं, पक्षाचं नाव न घेता बोला, आणि जे बोलाल त्याला एक आकडा जोडा. निम्मी भाषणं तिथेच बसली.

आता पट्टी, म्हणजे माल विकल्यावर शेतकऱ्याला मिळणारी हिशोबाची पावती. हे मात्र तू मुंबईतही नक्की घे. फेब्रुवारी 2023 ची बातमी तुला आठवत असेल. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात 512 किलो कांदा विकला. भाव किलोला एक रुपया. भाडं, हमाली, तोलाई वजा जाता उरले 2 रुपये 49 पैसे, आणि हातात चेक आला दोन रुपयांचा, तोही पुढच्या तारखेचा. पोरं आधी हसतात. मग विचारायचं, भाव दोन रुपये असता तर हातात किती पडले असते? बहुतेक जण पटकन 'पाच' म्हणतात. वहीत मांडलं की 514 रुपये 49 पैसे येतात. भाव दुप्पट, आणि हातातली रक्कम दोनशेपटीहून जास्त! कारण भाडं-हमाली गोणीवर आणि वजनावर बसते, भावावर नाही. भाव पडला म्हणून टेम्पोवाला कमी घेत नाही. व्यापाऱ्याचा भाव थोडाच हलला तरी शेतकरी एवढा का हादरतो, हे या एका गणितात कळतं.

आणि बातमी धरून ठेवायचा खरा फायदा पुढे आहे. 4 मे 2024 ला बंदी उठली, पण किमान मूल्याची 550 डॉलरची अट आणि 40 टक्के शुल्क होतंच. सप्टेंबरात अट गेली, शुल्क 20 वर आलं. 1 एप्रिल 2025 पासून शुल्क शून्य. तक्त्यात सगळ्यांचा अंदाज एकच होता, आता भाव चढणार. चढला नाही. ऑक्टोबर 2025 उजाडला तरी पडेलच राहिला. ज्या पोरांनी बंदीच्या वेळी अंदाज लिहिले ती आता अकरावीत गेली, पण तक्ता पुढच्या बॅचकडे आला आणि 'सर, असं कसं?' हा प्रश्न त्यांनी स्वतः काढला. उन्हाळ कांद्याचं भरघोस पीक, बांगलादेशाने आपल्या शेतकऱ्यासाठी आखडती घेतलेली आयात, आणि आपण बंदी घालून बसलो तेव्हा तिथल्या बाजारात शिरलेले पाकिस्तान आणि चीन, ही कारणं एकेक करून त्यांनीच शोधली. रोज नवी बातमी घेतली असती तर 2023 चा निर्णय 2025 मध्ये कोणाला आठवला असता?

तुझ्या पोरांच्या घरी कांद्याची चाळ नाही हे मान्य. पण दप्तर तर आहे? 22 सप्टेंबर 2025 पासून वही, पेन्सिल, खोडरबर यांवरचा जीएसटी शून्य झाला, बिस्किटांवरचा 18 वरून 5 टक्के. पाच रुपयांचा पुडा घे. करासकट पाच, म्हणजे मूळ किंमत 4 रुपये 24 पैसे, नवा कर धरून 4 रुपये 45 पैसे. मधले 55 पैसे कोणाला मिळाले? दुकानदार सुटे कुठून देणार? कंपनी दाम उतरवेल की वजन वाढवेल? प्रत्येकाने आपल्या गल्लीतल्या दुकानात जाऊन जुन्या आणि नव्या पुड्यावरची किंमत आणि ग्रॅम टिपून आणायचे, आणि दर दोन महिन्यांनी पुन्हा. कर कपातीचा फायदा गिऱ्हाइकापर्यंत किती पोचतो ते तुला मार्चपर्यंत दिसेल.

मुख्याध्यापक पोर्शनचं विचारतीलच. भूगोलात अर्थशास्त्राची ओळख आणि व्यापार असे दोन धडे आहेत ना, तिथे हे सगळं बसतं. मी वार्षिक नियोजनात तसंच दाखवतो, आजवर कोणी हरकत घेतलेली नाही.

दिवाळीच्या सुट्टीत येणार असशील तर सकाळी लवकर पोच, लिलाव दाखवतो. पट्ट्यांच्या झेरॉक्स नावं खोडून तयार ठेवल्यात, त्या तेव्हाच घेऊन जा. वहिनींना नमस्कार.

तुझा,
दत्ता