पाठीमागून दिसणारी ऑडिशन

मा. संपादक,

ऑपेरा कंपन्यांच्या प्रशिक्षण कार्यक्रमांवरचा आपला लेख वाचला. ‘निवड निव्वळ आवाजावर होते’ हे त्यातलं वाक्य मला पटलं नाही. मी अनेक वर्षं अशा ऑडिशनना पियानोची साथ करते. मला गायकाचा चेहरा दिसत नाही, पाठ दिसते. श्वास खांद्यातून घेतला की बरगड्यांतून, हे परीक्षकांच्या आधी मला कळतं!

मुलं इटालियन, जर्मन, फ्रेंच, इंग्रजी अशा चार-पाच आरिया, म्हणजे ऑपेरातली एकट्याने गायची गाणी, तयार करून येतात. पहिली त्यांच्या पसंतीची. खरी परीक्षा दुसरीची, कारण ती परीक्षक मागतात. मोत्सार्टच्या १७९१ सालच्या ‘मॅजिक फ्लूट’ या ऑपेरातली ‘रात्रीची राणी’ या पात्राची दुसरी आरिया कुणी निवडली, तर सगळे त्या उंच ‘एफ’ स्वराची वाट बघत बसतात. मधलं गाणं कोण ऐकतो?

माझी तक्रार वयोमर्यादेबद्दल आहे. अनेक ठिकाणी ती तिशीच्या आसपास असते. हलका सोप्रानो, म्हणजे स्त्रियांचा उंच पट्टीतला आवाज, तोवर तयार असतो. बास, म्हणजे पुरुषांचा सर्वांत खालचा आवाज, किंवा जड, ड्रॅमॅटिक आवाज मात्र तिशीनंतरच भरतो. त्यातून मायक्रोफोनशिवाय ऑर्केस्ट्रा भेदून जाणारा आवाज, साधारण ३००० हर्ट्झजवळचा तो झळाळ, गालिचा अंथरलेल्या छोट्या खोलीत जोखतात. एका तरुण बासला अर्ध्यावरच ‘धन्यवाद’ म्हटलं गेलं, तेव्हा माझा डावा हात पुढच्या स्वरावर तसाच राहिला.

किमान दुसरी फेरी तरी रंगमंचावर घ्यावी आणि जड आवाजांना वयात सवलत द्यावी.

– एक पियानोवादिका