काळ्या वाळूत टायटॅनियम ओळखणाऱ्या विल्यम ग्रेगोर यांच्यावरील मराठी पुस्तिकेसाठी आवाहन

सप्रेम नमस्कार.

रत्नागिरीच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट हे लोह आणि टायटॅनियम असलेलं खनिज आहे, हे आपल्याकडे अनेकांना ठाऊक असतं. पण अशा वाळूत एक नवा धातू आहे हे पहिल्यांदा कुणी ओळखलं, ते मुलांना कुणी सांगत नाही. ते होते इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचे धर्मगुरू विल्यम ग्रेगोर.

१७९१ साली त्यांनी मनॅकन गावच्या ओढ्यातली वाळू तपासायला घेतली. दिसायला बंदुकीच्या दारूसारखी, चुंबकाकडे ओढली जाणारी. लोखंडाचीच असेल म्हणून कुणीही ती बाजूला ठेवली असती. ग्रेगोर यांनी लोह आणि थोडी सिलिका वेगळी केली, तरी सुमारे ४५ टक्के तांबूस-तपकिरी भाग उरला. तो ओळखीच्या कशाशीच जुळेना. गंधकाम्लात त्याचा पिवळा द्राव झाला आणि त्यात जस्त, कथील किंवा लोखंड घातलं की तो जांभळा होई. यात अज्ञात धातू आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. तो अचूक होता.

१७९५ मध्ये बर्लिनचे रसायनशास्त्रज्ञ क्लाप्रोट यांना हंगेरीतल्या रुटाइल या खनिजामध्ये हाच धातू स्वतंत्रपणे सापडला. त्यांनी त्याला टायटॅनियम म्हटलं, आणि पुढे दोन्ही धातू एकच असल्याचं त्यांनीच दाखवून दिलं. नाव क्लाप्रोट यांचं टिकलं, ग्रेगोर मागे पडले. शुद्ध धातू हाती यायला १९१० साल उजाडलं, तोवर ग्रेगोर यांना जाऊन ९० वर्षं उलटली होती.

छंद म्हणून रसायनशास्त्र करणारे पाद्री, एवढीच त्यांची ओळख राहावी हे आम्हाला पटत नाही. न जुळणारा भाग मापातली चूक म्हणून सोडून न देण्याची त्यांची शिस्त शाळेतल्या प्रत्येक मुलापर्यंत पोचली पाहिजे.

त्यासाठी आमचं विज्ञान मंडळ त्यांच्या प्रयोगांवर मराठी पुस्तिका काढत आहे. सोबत शाळांसाठी भिंग, चुंबक आणि वाळूचे नमुने असलेली पेटी असेल. एका पेटीला साधारण १,५०० रुपये खर्च येईल. ग्रेगोर यांचा लेख १७९१ मध्ये जर्मनीत छापला गेला होता, त्यामुळे जुनी जर्मन वाचणाऱ्यांची आम्हाला पैशाइतकीच गरज आहे. रसायनशास्त्राच्या निवृत्त शिक्षकांनी मजकूर तपासून दिला तर फार मोलाची मदत होईल.

फूल ना फुलाची पाकळी द्या. देणगीची पावती मिळेल आणि जमाखर्च वार्षिक सभेत मांडला जाईल. मंडळाच्या कार्यालयात संध्याकाळी ५ ते ७ या वेळेत भेटावं, ही विनंती.