वेलबुट्टी राजाची नव्हे, कोरणाऱ्याची

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला फ्रान्सच्या व्हर्साय राजवाड्यावरचा लेख वाचून राहवलं नाही. चौदाव्या लुईची अभिरुची, सरदारांची अभिरुची, हेच पानभर. सोबतचा छापा, म्हणजे धातूच्या पत्र्यावर कोरून कागदावर उतरवलेलं चित्र, झाँ बेरँचा; बारीक कमानींखाली माकडं, छत्र्या, गुंतलेल्या पट्ट्या. त्याखाली तुम्ही छापलंत, 'फ्रेंच नक्षीकामाचा नमुना'. शिवाय छाप्याची खालची कडाच कापलीत. कोरणाऱ्याचं नाव असतं ते तिथेच!

बेरँ १६७४ पासून राजाचा आरेखक होता. त्याचे छापे पॅरिसमध्ये विकले जात. त्यावरून राजाचा फर्निचर कारागीर बूल कासवाच्या कवचात पितळ बसवून कपाटं सजवी, मुस्तिए गावचे कुंभार ताटांवर निळी वेल काढत. त्याच काळातला कोरणारा झाँ ल पोत्र, त्याने तर २००० हून अधिक छापे केले. सरदाराची निवड व्हायची ती यांनी आधीच काढून ठेवलेल्या नमुन्यांतून. १६८९ मध्ये लढाईच्या खर्चासाठी राजाने चांदीचं सामान वितळवलं. ते कसं होतं हे आज कळतं ते चित्रांवरून आणि अशा छाप्यांवरून.

मी हयातभर छापखान्यात ब्लॉक केले, म्हणून हे फार लागतं. एका साखर कारखानदाराच्या घरच्या लग्नपत्रिकेसाठी जस्ताच्या पत्र्यावर मोगऱ्याच्या कळ्यांची चौकट केली होती. मोराच्या पिसाऱ्यातली रेघ आम्लात फुटू नये म्हणून रात्रभर पत्र्याजवळ बसलो. कोपऱ्यात मुंगीएवढी सही केली, ती मालकांनी माझ्याच हातून खरवडून घेतली. लग्नात जो तो पत्रिका उलटसुलट करून म्हणत होता, 'काय रसिक घराणं आहे!' मी पंगतीत तिथेच बसलो होतो. कोणी विचारलं नाही, मीही बोललो नाही. अजून सलतं.

आणि लुईने तरी १६६० मध्ये हुकूम काढून कोरीवकामाला मुक्त कला ठरवलं, कोरणाऱ्यांना कारागीर संघांच्या बंधनातून मोकळं केलं. म्हणजे राजाला त्यांची किंमत कळली होती, आपल्या लेखकाला नाही.

आणखी एक. तो छापा पोस्टाच्या तिकिटाएवढा आणि शेजारी फ्लॅटची जाहिरात अर्धं पान. भिंग घेऊनही रेघ दिसेना. पुढच्या रविवारी तो कडेसकट, मोठा छापावा आणि खाली बेरँचं नाव द्यावं, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त ब्लॉकमेकर, कोल्हापूर