नात उलटी बसली म्हणून हजार रुपये: वाहतूकमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय वाहतूकमंत्री,
गोवा सरकार, सचिवालय, पर्वरी.

महोदय,

सविनय नमस्कार. आपण कामात असता याची कल्पना आहे. मी बँकेतून निवृत्त झालेला माणूस. पेन्शन वेळेवर येते, तक्रारखोर म्हणून गावात नाव नाही. एरवी आपल्याला तसदी दिली नसती. पण गेल्या आठवड्यात हमरस्त्यावरच्या एका नाक्यावर माझ्या गाडीचे चलन झाले आणि त्यावर जो गुन्हा नोंदवला आहे तो मला काही केल्या पचत नाही.

गुन्हा असा की माझी दीड वर्षाची नात मागच्या बाकावर, तिच्या कार सीटमध्ये, पट्ट्यांनी नीट बांधलेली, मागच्या काचेकडे तोंड करून बसली होती. हवालदारांनी दार उघडले, आत वाकून पाहिले आणि विचारले, "भुरग्याक उरफाटें कित्याक बसयलां?" मी म्हटले, या वयाला असेच बसवतात. ते हसले. मग त्यांनी साहेबांना बोलावले. साहेबही हसले. "फुडें तोंड करून बसय, ना जाल्यार हजार रुपया." मी सीट फिरवणार नाही म्हणालो. झाले. मोटार वाहन कायद्याचे कलम १९४ ब, दंड रुपये एक हजार. वर, "या वयार कित्याक हट्ट करता?" हा सल्ला फुकट.

साहेब मशीनवर माझा नंबर टाकत होते तेवढ्यात बाजूने एक स्कूटर गेली. पुढे पाय ठेवायच्या जागेत एक मूल उभे, मग बाबा, मग आई, आईच्या कडेवर तान्हे. हेल्मेट एकट्या बाबांना. कोणी ढुंकून पाहिले नाही. सगळी मंडळी सरळ तोंड करून होती, त्यामुळे असेल.

घरी येऊन मी कलम काढून वाचले. आयुष्यभर परिपत्रके वाचण्यात गेले, ती खोड जात नाही. २०१९ च्या दुरुस्तीने आलेले हे कलम सांगते की चौदा वर्षांखालील मूल सीटबेल्टने किंवा लहान मुलांच्या सुरक्षा आसनाने सुरक्षित केलेले नसेल, तर गाडी चालवणाऱ्याला हजार रुपये दंड. मुलाचे तोंड कुठल्या दिशेला असावे याबद्दल त्यात अवाक्षर नाही. म्हणजे जे कलम पाळायला मी पदरचे पैसे मोडून सीट आणली, त्याच कलमाखाली मी गुन्हेगार!

दाद मागायला एका कार्यालयात गेलो. सीटबरोबर आलेले माहितीपुस्तक नेले होते, सीटच्या कुशीवरच्या स्टिकरचे फोटोही नेले. त्यावर निळी रेघ मागे तोंड करून बसवताना पट्टा कुठून न्यायचा ते दाखवते, लाल रेघ पुढे तोंड करताना. अक्षरओळख नसलेल्यालाही कळावे असे चित्र आहे. खिडकीतल्या बाईंनी पुस्तक चाळले आणि म्हणाल्या, कंपनीचे पत्र आणा, लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह, की ही सीट उलटी बसवली तरी चालते. आणि पुस्तकाची साक्षांकित प्रत जोडा. माझा रक्तदाब तिथेच मोजला असता तर तेवढी एक नोंद तरी सरकारदरबारी झाली असती.

महोदय, मागे तोंड करून का बसवायचे ते आता मी सांगतो, कारण आपल्या खात्यातून हे कोणी सांगताना मी ऐकलेले नाही. तान्ह्या मुलाचे डोके त्याच्या एकूण वजनाच्या पाव हिस्स्याच्या आसपास असते. आपले सहा-सात टक्के. मानेचे मणके अजून अखंड हाड झालेले नसतात, कूर्चेने जोडलेले तुकडे असतात, आणि ते पक्के व्हायला वयाची तीन ते सहा वर्षे उजाडतात. नाजूक देठावर भोपळा तोलावा तशी ही अवस्था. समोरून धडक बसली आणि मूल पुढे तोंड करून असले की धड पट्ट्यांत अडकते, डोके तेवढे पुढे फेकले जाते आणि सगळा ताण मानेवर येतो. मागे तोंड असले की डोके, मान, पाठ एकदमच सीटच्या पाठीत दाबली जातात आणि धक्का सगळीकडे वाटला जातो. स्वीडनमधल्या लोकांनी हे १९६० च्या दशकात ओळखले, आणि तिथे चार वर्षांपर्यंत मुले अशीच बसतात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना २०११ मध्ये दोन वर्षांपर्यंत म्हणत होती. २०१८ मध्ये तिने वयाची अट काढली आणि सीटची वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत मागेच ठेवा, असे सांगितले. युरोपच्या आर-१२९ या कार सीटच्या नियमात पंधरा महिन्यांआधी तोंड पुढे करताच येत नाही.

सगळे विचारतात, पाय अवघडत नाहीत का? नात मांडी घालते. पंगतीत बसून जेवणाऱ्या लोकांनी हा प्रश्न विचारावा याचे मला नवल वाटते.

ही सीट मी डोळे मिटून उचललेली नाही. दुकानातला पोरगा म्हणाला, "अंकल, कन्व्हर्टिबल आहे, शून्य ते अठरा किलो, वर्ष झालं की पुढे फिरवा." खोक्यावरही ० ते १८ हेच ठळक. आतल्या स्टिकरवर मात्र बारीक अक्षरांत लिहिले होते: मागे तोंड करून १३ किलोपर्यंत, पुढे तोंड करून ९ ते १८. म्हणजे वजनाच्या हिशेबाने फिरवण्याची मुभा ९ ला, सक्ती १३ ला. दुकानदार मुभेचा आकडा सांगतात आणि सक्तीचा गिळतात. आपल्याकडच्या बऱ्याच मुलांना १३ किलो व्हायला अडीच-तीन वर्षे लागतात, तोवर ही साधी सीटही मागे तोंड करून चालते. अट उंचीची असते. डोक्याचा माथा सीटच्या वरच्या कडेच्या इंचभर खाली राहायला हवा, आणि किलोंच्या आधी बहुधा ती इंचाचीच जागा संपते. म्हणून मी पाठ उंच असलेली सीट शोधत फिरलो. मागे तोंड करून १८ किंवा २५ किलोपर्यंत चालणाऱ्या सीट परदेशात मिळतात. इथे त्या मला दुकानात दिसल्या नाहीत, आणि बाहेरून मागवायच्या तर किंमत ऐकून खाली बसावे लागते.

माझी गाडी लहान. टेप घेऊनच दुकानात गेलो. सीट मागे कलती ठेवावी लागते, त्यामुळे तिच्यापुढची सीट पुढे ढकलावी लागते. माझ्या मागे बसवली तर माझे गुडघे स्टिअरिंगला, डाव्या बाजूला बसवली तर सौभाग्यवतींचे डॅशबोर्डला. यावर आमच्या घरात जी चर्चा झाली ती विधानसभेतल्या शून्य प्रहरापेक्षा गंभीर होती. शेवटी सीट डावीकडे, सौ. मागे नातीशेजारी, आणि पुढची जागा रिकामी. पुढे बसवण्याचा प्रश्नच नव्हता. समोर एअरबॅग आहे, ती फुटली की मागे तोंड केलेल्या सीटच्या पाठीवर, म्हणजे मुलाच्या डोक्यामागेच आदळते. आयसोफिक्सच्या, म्हणजे कार सीट थेट गाडीला अडकवायच्या, कड्या बाकाच्या फटीत बोटांनी चाचपून शोधल्या. सीट पट्ट्याच्या जागी धरून हलवली तर इंचापेक्षा जास्त सरकता कामा नये. खांद्याच्या पट्ट्या खांद्याच्या रेषेत किंवा किंचित खालून निघाल्या पाहिजेत आणि चिमटीत पट्ट्याची घडी येता कामा नये. हे सगळे मी पुस्तकातून शिकलो. नीट बसली आहे का ते तपासून द्यायला या राज्यात कोणाकडे जायचे, ते सांगाल का? पीयूसी काढायला जागोजागी टपऱ्या आहेत.

आता गंमत ऐका. केंद्र सरकारने १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप सुरू केले. गाड्या ठोकून पाहायच्या आणि तारे द्यायचे. त्यात लहान मुलांच्या सुरक्षिततेला ४९ गुण आहेत. त्यासाठी दोन बाहुल्या बसवतात, एक तीन वर्षांच्या मुलाची, दुसरी दीड वर्षाच्या बाळाची. दीड वर्षाची! माझ्या नातीच्या वयाची! आणि कित्येक चाचण्यांत ही बाहुली मागे तोंड करूनच बसवलेली असते. त्या बाहुलीला कधी चलन पाठवताय?

आकडे आपल्याकडे माझ्यापेक्षा जास्त असतील. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजार माणसे गेली, त्यांतली सोळा-सतरा हजार पट्टा न लावलेली. हे आपल्याच सरकारांचे छापील आकडे. गोव्यात वर्षाला अडीचशे-तीनशे जातात, दहा-पाच इकडे-तिकडे. त्याच वर्षी सप्टेंबरात उद्योगपती सायरस मिस्त्री पालघरजवळ अपघातात गेले, मागच्या सीटवर, पट्टा न लावता. मग काही आठवडे सगळ्या देशाला मागच्या सीटचा पट्टा आठवला. पुढे विसरले. स्कूटरचेही तेच. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला हार्नेस आणि हेल्मेट, आणि वेग चाळीसच्या आत, असा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. तो हार्नेस म्हापसा ते काणकोण कोणाच्या अंगावर पाहिला असेल त्याने मला कळवावे, मी येऊन पाया पडेन.

जानेवारीत रस्ता सुरक्षेचा महिना येतो, चौकाचौकांत गुलाब वाटतात, फोटो निघतात. गुलाबांच्या पैशात निदान ज्या पोलिसाच्या हातात ते मशीन देता त्याला एक पानभर माहिती छापून देता आली असती. मोपाला इतका झकपक विमानतळ झाला, तिथून माझी लेक बाळाला घेऊन घरी येताना टॅक्सीत कार सीट मागितली तर ड्रायव्हरने तिच्याकडे असे पाहिले की जणू पालखी मागितली. मुलीने पोरीला मांडीवर घेऊन सगळा रस्ता काढला. पण तिथे कोणाचे चलन झाले नाही.

दाद कोणाकडे मागायची हेही कळत नाही. पोलीस गृहखात्याचे, नियम वाहतुकीचा, खड्डा सार्वजनिक बांधकामचा, आणि खड्ड्यातली पाइप पाणीपुरवठ्याची. मधे नागरिक, तो कोणाचाच नाही. पंधरा-सोळा लाख लोकांच्या राज्यात जवळपास माणसागणिक एक वाहन आहे. प्रत्येकाकडून रोडटॅक्स घेताना खाते कोणते, हा प्रश्न तुम्हाला कधी पडल्याचे दिसले नाही!

मागण्या फार नाहीत. माझे चलन रद्द करा. मूल मागे तोंड करून बसवणे गुन्हा नाही, एवढे एका ओळीचे परिपत्रक प्रत्येक नाक्यावर पोचवा. प्रत्येक आरटीओत सीट तपासून देणारा एक शिकलेला माणूस बसवा, महिन्यातून एक दिवस असला तरी पुरे. आणि दोन्ही विमानतळांवरच्या टॅक्सी काउंटरवर भाड्याने चार सीट ठेवायला लावा.

दंड मी भरलेला नाही आणि भरणारही नाही. कोर्टात जायचे तर नातीला घेऊनच येईन, ती बसते तशीच बसवून. उत्तर पाठवणार असाल तर "आपले पत्र योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित खात्याकडे पाठवण्यात आले आहे" हे वाक्य तेवढे वगळा. ते माझ्याकडे आधीच्या पत्रांवर शिल्लक आहे.

आपला,
एक आजोबा, डिचोली