टेस्टिंग रूममधल्या ताईंना, पिंपळगावहून

स. न. वि. वि.

ताई, तुमचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितोय. ऑगस्टमध्ये भर पावसात गंगापूर धरणाकडच्या तुमच्या वायनरीत टोपी घातलेला एक म्हातारा आला होता. "प्यायला नाही, शिकायला आलोय," म्हणाला होता. तो मी. काउंटरवरची पोरं हसली, तुम्ही हसला नाहीत.

तीस वर्षं थॉमसन जातीची खायची द्राक्षं पिकवतोय, पण वाईन कधी चाखली नव्हती. घरात हिच्या गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे विषयच नाही. पण लेक-जावई पोर्तुगालला, पोर्तोत. तिकडे गेल्यावर जावयाच्या साहेबांना आणि त्यांच्या बायकोला एकदा आपण जेवायला न्यायचं, हे मीच बोलून बसलो होतो. वडीलधारा म्हणून वाईनची यादी माझ्या हातात येणार आणि मी तिच्याकडे सातबारा बघितल्यासारखा बघत बसणार, या धास्तीने तुमच्याकडे आलो.

तुम्ही तासभर दिलात. ग्लास दांडीला धरा, हाताच्या उबेने वाईन तापते, हे सांगितलंत. वाईनचा मणी बारीकच हवा, कारण रंग आणि चव सालीत असते, हेही. (आम्ही जन्मभर जी.ए.मध्ये, म्हणजे जिबरेलिक ॲसिडच्या पाण्यात, घड बुडवून मणी फुगवतोय!) आणि शेवटी बिलाच्या पाठीमागे चार ओळी लिहून दिल्यात. तो कागद खिशात घालून मी विमानात बसलो.

पहिल्याच रात्री लिस्बनला तो कागद बॅगेत राहिला आणि फसलो. बसल्या बसल्या पाव, ऑलिव्ह आणि चीज समोर आलं. आम्हाला वाटलं, काय पाहुणचार! सगळं फस्त केलं. बिलात प्रत्येक पदार्थाचे पैसे वेगळे. तुमची दुसरी ओळ नेमकी हीच होती : न मागता आलेलं खाल्लं तर पैसे, नको असेल तर हात न लावता परत पाठवा. चूक माझी, पण त्या हॉटेलवाल्याने एका शब्दाने सांगायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.

पोर्तोतल्या जेवणाला मात्र कागद पाठच केला होता. यादी माझ्याच हातात आली. टेबलावर सहा माणसं, साहेब समोर. जावयासमोर "स्वस्तातली कुठली?" कसं विचारणार? तुम्ही सांगितलं होतंत तसं वेटरला वाकायला लावलं आणि तोंडाने काही न बोलता किमतीच्या रकान्यात एका आकड्यावर बोट ठेवलं. त्याने माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि दोउरो नदीच्या खोऱ्यातल्या लाल वाईनची एक बाटली घेऊन आला. आकडा बोटाखालचाच होता, उलट दोन युरो कमी.

मग त्याने माझ्या ग्लासात दोन घोट ओतले आणि उभा राहिला. सगळे माझ्याकडे. इथे मी नक्की घसरलो असतो. आवडली का विचारतोय असं समजून काहीतरी बरळलो असतो. पण तुमचं वाक्य कानात होतं : "काका, तो चव विचारत नाही, बाटली नासलेली नाही ना एवढंच विचारतोय. बुचाला बुरशी लागली असेल तर ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो." ओला पुठ्ठा! ताई, अवकाळीत भिजलेल्या द्राक्षाच्या खोक्यांचा वास मला झोपेतही ओळखू येईल. नाक घातलं, हुंगलं. पुठ्ठा नव्हता. जांभळं आणि जरासं मिरं. मान डोलावली. साहेबांनी जावयाला काहीतरी म्हटलं, जावई हसला. काय म्हटलं ते त्याने अजून सांगितलेलं नाही.

हिची काळजी होती, पण तिचं तिनेच निभावलं. यादीत 'बटाटा' हा शब्द तिलाच सापडला, तिकडेही बटाट्याला बटाटाच म्हणतात. बटाट्याचं आणि हिरव्या पाल्याचं काल्दो व्हेर्द नावाचं सूप मिळालं. त्यात मांसाची चकती घालतात, ती लेकीने आधीच काढायला सांगितली. शेवटी वेटर 'पगार' म्हणाला तेव्हा ही चमकली, की यांना आमचा पगार कशाला हवा? तिकडे 'पगार' म्हणजे पैसे देणे.

दुसऱ्या दिवशी रेल्वेने त्याच दोउरोच्या काठाने पिन्याँव गावाला गेलो. स्टेशनच्या भिंतीवर निळ्या फरशांत द्राक्षतोडणीची चित्रं आहेत, आणि बाहेर खरी तोडणी चाललेली. इकडे आमची गोडी छाटणी (फळं धरण्यासाठीची) तोंडावर, पोरगा फोनवर फोन करत होता. उभ्या डोंगरात पाटीच्या दगडाच्या पायऱ्या पायऱ्या करून बागा. मांडव नाही. मणी वाटाण्याएवढा. आपल्याकडे असा माल आला तर व्यापारी बांधावरूनच परत जाईल. मी एक मणी तोंडात टाकला. साल चिवट, बिया मोठ्या, आणि गोडी अशी की आमच्या थॉमसनने मान खाली घालावी. दातांना रंग लागला तो संध्याकाळपर्यंत.

काल दिंडोरीला जाताना तुमच्याकडे वळलो होतो, तुमची सुट्टी होती. कागद परत द्यायचा नाही, तो मी ठेवून घेतोय. फेब्रुवारीत आमचा माल उतरेल तेव्हा एक खोका घेऊन येतो. पुठ्ठा कोरडा आहे ना, ते बघूनच आणीन.

आपला,
पिंपळगावचे टोपीवाले काका