टाके छापलेली गोधडी

दि. २२ एप्रिल
सोलापूर

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
हस्तकलेच्या वस्तूंचा ऑनलाइन बाजार

विषय: ‘हाताने शिवलेली सुती गोधडी’ सांगून छापील पॉलिस्टरचं पांघरूण पाठवल्याबद्दल आणि ते परत घ्यायला नकार दिल्याबद्दल.

स.न.वि.वि.

मी सोलापूरच्या पूर्व भागात राहते. ११ मार्चला आपल्या ॲपवरून मी ‘हाताने शिवलेली, १०० टक्के सुती, जुन्या साड्यांची बाळगोधडी’ मागवली. किंमत २,८५० रुपये, पैसे आधीच भरले होते. १९ मार्चला पार्सल आलं. आलेली वस्तू हाताने शिवलेली नाही, सुती नाही आणि तिच्यात जुन्या साडीचा एक धागाही नाही. त्याच दिवशी मी ती परत घ्या म्हणून ॲपवर कळवलं. त्यानंतर आणखी दोनदा लिहिलं. तिन्ही वेळा नकार आला. ऑर्डर क्रमांक, फोटो आणि आतापर्यंतची सगळी उत्तरं या पत्राला जोडली आहेत.

पैसे मला परत हवेतच. पण मला त्याहून मोठी गोष्ट सांगायची आहे, म्हणून थोडं मागून सुरू करते.

फेब्रुवारीच्या अखेरीस माझ्या लेकीला मुलगी झाली. पहिलं बाळंतपण, म्हणून ती माहेरी आली आहे. तीन महिन्यांनी पुण्याला सासरी जाईल तेव्हा बाळंतविड्यात झबली, टोपडी, कुंची, दुपटी यांच्यासोबत एक गोधडी जायलाच हवी. आमच्या घरात गोधड्या सासूबाई शिवायच्या. त्यांची पातळं आणि मामंजींची धोतरं धुऊन धुऊन इतकी मऊ झालेली असायची की बाळाच्या अंगाला टोचायची नाहीत आणि ओल चटकन शोषून घ्यायची. दुपारची जेवणं उरकली की त्या थरावर थर अंथरायच्या, सुरकुती राहू नये म्हणून कडेला पाट ठेवायच्या आणि कडेपासून धावदोरा घालत घालत गोल आत यायच्या. माझ्या लेकीची गोधडी त्यांना महिनाभर पुरली होती. ती अजून आमच्याकडे आहे. मधोमध विरली आहे, पण टाके जागच्या जागी आहेत.

सासूबाई आता नाहीत. माझ्या बोटांचे सांधे सुजतात, जाड थरातून सुई ओढता येत नाही. नाहीतर विकतची गोधडी बाळंतविड्यात घालायचा विचार माझ्या मनातही आला नसता.

तरी मी निर्धास्तपणे मागवली, त्याला कारण तुमच्याच ॲपवरचा माझा आधीचा अनुभव. दीड वर्षापूर्वी लेकीनं ते माझ्या फोनवर घालून दिलं आणि मला त्याचा लळाच लागला. एका मुलीकडून मी खणाचा बटवा घेतला. खण विणला जातो तो कर्नाटकातल्या गुळेदगुड्डला, आमच्या सोलापूरला खण काही नवा नाही. पण त्याचा इतका नेटका बटवा मी कुठे पाहिला नव्हता. तिनं आधी विचारून घेतलं, “काकू, काठ लालच हवा की हिरवा चालेल?” बटव्यासोबत चिठ्ठी होती की पहिल्या धुण्यात रंग थोडा जाईल, वेगळा धुवा. धुतला, आणि रंग खरंच थोडा गेला. दुसऱ्या एका बाईंकडून लोकरीचं तोरण घेतलं. त्यातलं एक फूल बाकीच्यांपेक्षा लहान होतं, आणि ते त्यांनी विकण्याआधीच फोटोत बोट ठेवून दाखवलं होतं. नवी पेठेत दहा दुकानं पालथी घालून जी माणसं मला भेटली नसती ती तुमच्यामुळे भेटली. म्हणून गोधडीच्या फोटोवर तुमचा ‘हस्तनिर्मित’ हा हिरवा शिक्का दिसला तेव्हा मी पुढे काही विचारलं नाही.

आता पार्सलबद्दल. पिशवी फोडताच नव्या रेक्झिनसारखा वास आला. माझे यजमान तीस वर्षं यंत्रमागाच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग लावणारे-दुरुस्त करणारे कारागीर होते. त्यांनी गोधडी हातात घेतली आणि वरच्या नक्षीकडे न बघता आधी उलटी केली. सोलापुरात कापड असंच बघतात, चाटी गल्लीतला दुकानदारसुद्धा न सांगता उलटी बाजू दाखवतो. जेकार्डच्या चादरीवर पुढून लाल जमिनीवर पांढरं दिसणारं फूल मागून पांढऱ्या जमिनीवर लाल दिसतं, कारण ते विणलेलं असतं. गोधडीचंही तसंच. धावदोरा सगळ्या थरांतून जातो, म्हणून टाके वरून दिसतात तसे खालूनही दिसायला हवेत. या गोधडीच्या मागच्या पांढऱ्या कापडावर हाताचा एकही टाका नव्हता. वीत-वीत अंतरावर मशीनच्या सरळ शिवणी होत्या, तेवढंच.

“मग वरचे हे टाके कुठं गेले?” यजमान म्हणाले. मी चष्मा लावून खिडकीशी नेऊन पाहिलं. टाका नखानं उचलायला गेले, तर नखात काही येईना. टाके छापलेले होते. ठिगळं छापलेली, ठिगळांच्या दुमडलेल्या कडा छापलेल्या, दोऱ्याच्या बाजूला पडते तशी बारीक सावलीसुद्धा छापलेली. एका निळ्या ठिगळाच्या कोपऱ्यात एक टाका तिरका गेलेला दिसत होता. मग त्याच्या वीतभर खाली तेच निळं ठिगळ आणि त्याच कोपऱ्यात तोच तिरका टाका. मी मोजत गेले. बारा ठिकाणी सापडला.

जिथे मशीनची शिवण सुटली होती तिथला दोरा ओढून पाहिला. मशीनच्या शिवणीत वरचा दोरा वेगळा आणि बॉबिनचा वेगळा असतो. इथेही दोन दोरे निघाले. शेवटी यजमानांनी कडेचे चार धागे काढून काडेपेटीच्या ज्योतीवर धरले. सूत कागदासारखं जळतं आणि त्याची मऊ राख होते. हे धागे आखडले, वितळले आणि त्यांची काळी कडक गोळी झाली. ती गोळी कागदाच्या पुडीत ठेवली आहे, तिचाही फोटो जोडला आहे. एप्रिलमध्ये आमच्याकडे पारा ४२ च्या पुढे जातो. दोन महिन्यांच्या बाळाच्या अंगाखाली हे कापड घातलं असतं तर तिच्या पाठीवर काय उठलं असतं, हे कुठल्याही आईला विचारा.

आता तुमची उत्तरं. पहिलं उत्तर आलं, “हस्तनिर्मित वस्तूंमध्ये थोडाफार फरक असणं स्वाभाविक आहे, तेच त्यांचं सौंदर्य आहे.” हे वाक्य वाचून मला फार वाईट वाटलं. खरंच हातानं काम करणारी बाई हे वाक्य प्रामाणिकपणे लिहिते, कारण तिचं एक फूल लहान होतं, एक टाका लांब जातो. तिच्या तोंडचं वाक्य तुम्ही अशा वस्तूसाठी वापरलंत जिच्यात फरक नावालाही नाही. बारा ठिकाणी तोच तिरका टाका आहे, आणि तुम्ही मला फरकाचं सौंदर्य सांगता. दुसरं उत्तर होतं की ऑर्डरप्रमाणे बनवलेल्या वस्तू परत घेतल्या जात नाहीत. माझ्यासाठी काहीही वेगळं बनवलेलं नव्हतं. मागवल्याच्या दुसऱ्या दिवशी पार्सल निघालं होतं. तिसरं उत्तर सगळ्यात महत्त्वाचं. त्यात लिहिलं आहे की ‘हस्तनिर्मित’ ही माहिती विक्रेता स्वतः देतो, कंपनी ती तपासत नाही.

मग तो हिरवा शिक्का कोणाचा? तो विक्रेत्याच्या फोटोत नाही. तुमच्या रंगात, तुमच्या अक्षरात, सगळ्या दुकानांवर सारखा आहे. ग्राहक तो तुमचा शब्द म्हणूनच वाचतो. हातमागाच्या कापडासाठी सरकारनं २००६ मध्ये हँडलूम मार्क काढला, तो हातमागाचंच कापड आहे याची खूण म्हणून. घरात बसून गोधडी शिवणाऱ्या बाईकडे दाखवायला सहसा असं काही नसतं. तिच्याजवळ तिचे हात असतात आणि तुमच्या ॲपवर तो शिक्का. तो न तपासता वाटलात तर तिच्याकडे उरलं काय?

कृपा करून असं समजू नका की आम्हाला मशीनचं वावडं आहे. सोलापूर यंत्रमागावर जगलेलं शहर आहे. इथली जुनी मिल १८७७ सालची. आमच्या सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, आणि ती चादर यंत्रमागावर विणली जाते हे इथला कोणीही मान वर करून सांगतो. माझ्या घरात चूल पेटली ती यंत्रमागाच्या पगारावर. हेच पांघरूण ‘छापील पॉलिस्टर, मशीन शिवण’ म्हणून चारशे रुपयांना विकलं असतं तर माझी काहीच तक्रार नव्हती. ज्याला हवं तो घेईल. आजीच्या हातचे टाके छापून ते आजीच्या हातचे म्हणून विकणं, ही माझी तक्रार आहे.

यात सर्वांत जास्त नुकसान कोणाचं होतं तेही सांगते, कारण ते मी तुमच्याच ॲपवर पाहिलं. पार्सल आल्यावर मी पुन्हा ‘गोधडी’ शोधली. पहिल्या काही पानांवर हीच छापील नक्षी, चार वेगवेगळ्या दुकानांच्या नावानं, प्रत्येकीवर शिक्का आणि ‘चोवीस तासांत रवाना’. खूप खाली गेल्यावर एक खरी सापडली. तिच्या फोटोत मागची बाजू होती, टाके थोडे वाकडेतिकडे होते आणि खाली लिहिलं होतं: ‘थर पाच, आपल्या साड्या पाठवल्या तरी शिवून मिळेल, तीन आठवडे लागतील’. किंमत ४,२०० रुपये. खरं सांगितल्यामुळे ती बाई तळाला गेली होती. तीन आठवडे लागतात म्हणून मागे, किंमत जास्त म्हणून मागे, आणि तिच्या वर तिचेच टाके छापणारा. माझ्यासारखी एखादी फसली की ती पुन्हा ऑनलाइन गोधडी घेत नाही, आणि ते गिऱ्हाईक जातं त्या ४,२०० वाल्या बाईचं. छापणाऱ्याचं काही जात नाही. तो उद्या वारली छापेल.

मी फोटोंसह अभिप्रायही लिहिला होता. दोन दिवस दिसला, मग दिसेनासा झाला. का काढला, हे मला कोणी कळवलेलं नाही.

ग्राहक संरक्षण ई-कॉमर्स नियम २०२० प्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे वस्तू नसेल तर विक्रेता ती परत घ्यायला किंवा पैसे द्यायला नकार देऊ शकत नाही, आणि विक्रेत्याचं नाव-पत्ता ग्राहकाला दिसला पाहिजे, असंही त्याच नियमांत आहे. मला या दुकानाचा पत्ता कुठेही दिसला नाही. तो मला लेखी कळवावा. माझे २,८५० रुपये पूर्ण परत करावेत आणि वस्तू तुमच्या खर्चानं उचलून न्यावी. ही नक्षी विकणाऱ्या चारही दुकानांवरून ‘हस्तनिर्मित’ शिक्का काढावा आणि माझा अभिप्राय होता तसा परत लावावा.

आणखी एक विनंती आहे. शिवलेल्या, विणलेल्या किंवा भरतकाम केलेल्या प्रत्येक वस्तूसोबत तिच्या उलट्या बाजूचा जवळून काढलेला एक फोटो सक्तीचा करा. याला तपासनीस नेमावे लागत नाहीत की खर्च येत नाही. हातानं काम करणारी बाई तो फोटो आनंदानं टाकेल, कारण मागची बाजू नीट यावी म्हणून ती समोरच्या बाजूइतकीच खपलेली असते. माझ्या सासूबाई गोधडी झाली की आधी पालथी करून शेजारणींना दाखवायच्या.

महिन्याभरात काही झालं नाही तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवेन. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे मी राहते त्याच जिल्ह्यात, म्हणजे सोलापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते, तीही मागेन. तसं करावं लागू नये अशी मनापासून इच्छा आहे, कारण बटव्याचं आणि तोरणाचं दुकान तुमच्याच ॲपवर आहे आणि ती दुकानं चालायला हवीत.

खऱ्या गोधडीसाठी मी त्या खालच्या बाईंना कळवलं आहे. सासूबाईंची दोन पातळं आणि माझ्या तीन सुती साड्या मागच्या आठवड्यात पोस्टानं पाठवल्या.

तुमची वस्तू मूळ पिशवीत, लेबलासह, न वापरता कपाटात ठेवली आहे. न्यायला माणूस पाठवाल तेव्हा त्याला आधी फोन करायला सांगावं, आणि दुपारी दोन ते चारच्या दरम्यान बेल वाजवू नये. बाळ तेव्हा झोपलेलं असतं.

आपली,
सोलापूरची एक ग्राहक

सोबत: फोटो ९, आपल्याकडून आलेली तीन उत्तरं, पैसे भरल्याची पावती