लॅपटॉप बाद ठरवण्याआधी पंखा उघडून पाहा

महोदय,

चाळीस ते साठ हजारांतला लॅपटॉप पहिल्या वर्षी सगळ्यांनाच आवडतो. तक्रारी सुरू होतात दुसऱ्या उन्हाळ्यात. बहुतेक कंपन्या ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापर गृहीत धरतात. परभणी-नांदेडला मे महिन्यात पारा ४२ च्या पुढे जातो, वर धूळ. हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) बारीक पट्ट्यांत धुळीचा थर बसला की गरम हवा अडते, प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो आणि मालकाला वाटते, मशीन गेले. मग नव्याचा खर्च! खरे काम साधे आहे. लॅपटॉप बंद करून मागचे झाकण काढायचे, मग सर्वांत आधी बॅटरीचे कनेक्टर सोडवायचे, पंख्याचे पाते काडीने अडवून ब्लोअर मारायचा. पाते मोकळे फिरू दिले तर बेअरिंग खराब होते. दोन-तीन वर्षांनी थर्मल पेस्टही (प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधला, उष्णता वाहून नेणारा लेप) बदलावी. गादीवर ठेवून वापरणे मात्र पूर्ण बंद करा, खालची जाळी झाकली जाते.

सतत चार्जरवर असेल तर सेटिंगमध्ये चार्जिंगला ८० टक्क्यांची मर्यादा लावा. उष्णता आणि भरलेली बॅटरी हे जोड तिला लवकर फुगवते. धातूच्या बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर घरातले अर्थिंग तपासून घ्या.

नवा घेताना रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली आहे का, हे विचाराच. ८ जीबी असेल आणि जादा रॅम बसवायला स्लॉट (खाच) नसेल, तर पुढे वाढवता येत नाही. दुकानदारांनी ही माहिती किमतीच्या पाटीवरच लिहावी, अशी आमची मागणी आहे.

– लॅपटॉप दुरुस्ती कारागीर, परभणी